मदत हवी आहे: घरची सांग्रिया दर वेळी कडू का होते?

भटकभवानी

नमस्कार मंडळी,

सांग्रिया, म्हणजे फळं मुरवलेली रेड वाइन, चार वेळा केली, चारही वेळा कडू. आता काचेचा जग दिसला की नवरा विषय बदलतो, म्हणून शेवटी इथे धागा काढतेय.

मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं स्पेनला गेलो होतो. बार्सिलोना, माद्रिद आणि शेवटी सेविया. सेवियात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, इतकं ऊन. नदीपलीकडे त्रिआना भागात एका छोट्याशा खाणावळीत शिरलो ते निव्वळ सावली बघून. तिथे काचेच्या जगात बर्फाने भरलेली लालचुटुक सांग्रिया आली. हलकी, जराशी गोड, जराशी फसफसणारी. दोघांनी जग संपवला आणि दुसरा मागवला. तेव्हापासून ती चव डोक्यात बसलीय.

माझी कृती अशी: एक बाटली रेड वाइन, ६० मिली ब्रँडी, दोन संत्री आणि दोन लिंबं सालासकट चकत्या करून, एक सफरचंद, दालचिनीचा तुकडा, चार चमचे साखर, एका संत्र्याचा रस. सगळं एकत्र करून रात्रभर फ्रिजमध्ये. जितकी मुरेल तितकी चांगली, असं सगळीकडे वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सोडा घालून प्यायचं.

गंमत म्हणजे रात्री झाकण लावायच्या आधी चमचाभर चाखते तेव्हा बरी लागते. सकाळी कडू! वर जीभ ओढल्यासारखी होते, कच्चं केळं चावल्यावर होते तशी. कुठे चुकतंय? आणि सप्टेंबरात लिस्बनला जायचं ठरतंय, तिथे चांगली सांग्रिया कशी ओळखायची तेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

उंटावरचा शहाणा

साखर वाढवा. विषय संपला.

भटकभवानी

वाढवली हो. आठ चमचे केली. आता गोडही लागते आणि कडूही. औषधासारखी.

चौकस

ताई, तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. 'कडू' ही एक आणि 'जीभ ओढते' ही दुसरी. पहिली फळांची करणी असावी, दुसरी वाइनची. दोन गोष्टी सांगा: बाटलीच्या लेबलवर नेमकं काय लिहिलंय? आणि लिंबाच्या चकत्या एकूण किती तास आत होत्या? बिया काढल्या होत्या का?

भटकभवानी

रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात, म्हणजे बावीस तास. बिया नाही काढल्या. बाटली रिओहा या स्पेनमधल्या वाइनच्या प्रांतातली, त्यावर 'रेसेर्वा' लिहिलंय. भेट आलेली, भारीतली. म्हटलं चांगल्या वाइनची सांग्रियाही चांगलीच होणार.

चौकस

सापडला चोर. दोन्ही चोर सापडले म्हणा.

आधी वाइन. रिओहात रेड वाइनला 'रेसेर्वा' म्हणायचं तर ती किमान तीन वर्षं मुरलेली असावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. त्या लाकडातून टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, उतरतं, द्राक्षाच्या सालीचं आणि बियांचं आधीचं असतंच. जेवणासोबत, साध्या तापमानाला ते छान वाटतं. पण थंड केलं की टॅनिनचा तुरटपणा जास्त टोचतो आणि गोडवा मात्र दबतो. म्हणून तुम्ही साखर ओतत गेलात तरी जीभ ओढायची थांबली नाही. खात्री करायची तर तीच वाइन दोन पेल्यांत घ्या, एक फ्रिजमध्ये तासभर ठेवा आणि मग लागोपाठ एकेक घोट घ्या. एकाच बाटलीतली आहे यावर विश्वास बसणार नाही.

सांग्रियाला पिंपात न मुरलेली, कोवळी, फळांच्या वासाची वाइन लागते. लेबलवर 'होवेन' (म्हणजे कोवळी) दिसलं तर डोळे झाकून घ्या. 'गार्नाचा' किंवा 'तेम्प्रानियो' या जातींच्या द्राक्षांची असेल तर उत्तमच. भेट आलेली रेसेर्वा तशीच प्या, तिच्यावर अत्याचार करू नका.

आता कडवटपणा. संत्र्या-लिंबाच्या सालीचा वरचा रंगीत पापुद्रा सुवासाचा, खालचा पांढरा थर कडू. पाण्यापेक्षा अल्कोहोल हा कडूपणा जास्त चटकन ओढून घेतं, आणि तुम्ही त्याला बावीस तास दिलेत! शिवाय रात्री बरी आणि सकाळी कडू, हे जे तुम्ही लिहिलंय ना, त्याचं अगदी नेमकं कारण आहे. लिंबूवर्गीय फळांच्या बियांमध्ये आणि फोडींच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, जो मुळात कडू नसतो. फळ कापलं की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन मात्र जहर कडू. रस काढून ठेवला की तासाभराने कडवट लागतो त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

मी असं करतो. सोलाण्याने संत्र्याची आणि लिंबाची फक्त रंगीत साल पट्ट्यांनी काढायची, हात हलका ठेवून. पट्टीची मागची बाजू बघायची, पांढरं दिसलं तर सुरीने खरवडायचं. या पट्ट्यांवर चार चमचे साखर घालून लाकडी चमच्याच्या दांड्याने नीट चेचायचं आणि झाकून ठेवायचं. अर्ध्या तासात साखर ओली होते, पिवळसर दिसू लागते आणि झाकण काढलं की वास थेट नाकात. ते सालीतलं तेल. त्यात संत्र्याचा रस घालून साखर विरघळवायची (थंड वाइनमध्ये साखर विरघळता विरघळत नाही, तळाशी बसून राहते), पट्ट्या काढून टाकायच्या आणि मग वाइन. सफरचंद, पीच वगैरे दोन-तीन तास मुरू दे. लिंबा-संत्र्याच्या चकत्या पिण्याआधी फार तर तासभर, बिया काढून. सोडा जग टेबलावर नेताना.

निवांत

चौकस यांना मोदक (म्हणजे अनुमोदन). फक्त दालचिनी रात्रभर नको, तीही झाडाची सालच आहे शेवटी.

मी माद्रिदला चार वर्षं होते, म्हणून एक शंका. भटकभवानीताई, सेवियातल्या त्या जगात फळं किती होती आठवतंय का?

भटकभवानी

फळं... लिंबाची एक चकती होती. फार तर दोन. आता तुम्ही विचारल्यावर वाटतंय, बाकी काहीच नव्हतं. का?

निवांत

कारण तुम्ही जे वर्णन केलंय ना, हलकी, जराशी गोड, फसफसणारी, वर लिंबाची चकती, ती सांग्रिया नसावीच. ते 'तिंतो दे वेरानो' असणार, म्हणजे उन्हाळ्याची रेड वाइन. स्पेनमध्ये उन्हाळ्यात स्थानिक माणसं सर्रास हेच मागवतात. अर्धी साधी रेड वाइन, अर्धा 'गासेओसा', भरपूर बर्फ, लिंबाची चकती. गासेओसा म्हणजे किंचित गोड सोडा. 'ला कासेरा' हा त्यातला इतका प्रसिद्ध ब्रँड की बरेच जण गासेओसाला कासेराच म्हणतात. काही जण लिंबाचा गोड सोडा घालतात. ना ब्रँडी, ना मुरवणं.

भटकभवानी

मंडळी, हसू नका. फोनमध्ये त्या दिवशीच्या बिलाचा फोटो सापडला (नवरा बिलांचे फोटो काढतो, पहिल्यांदाच उपयोग झाला). त्यावर चक्क 'तिंतो दे वेरानो, खार्रा, २' लिहिलंय (खार्रा म्हणजे जग). आता आठवतंय, मी 'सांग्रिया' म्हटल्यावर वेटर काहीतरी लांबलचक बोलला होता आणि आम्ही दोघांनी 'सी, सी' करून माना डोलावल्या होत्या.

म्हणजे जी मी प्यालेच नाही तिची चव चार महिने घरी शोधतेय!

उंटावरचा शहाणा

आणि मी साखर वाढवायला सांगत होतो. वेटरला मानलं पाहिजे. सांग्रियाच्या गिऱ्हाइकाला स्वतःहून स्वस्तातलं सुचवणारा माणूस जपून ठेवायला हवा.

निवांत

हाहा. पण सांग्रिया अगदीच पर्यटकांची असं मी म्हणणार नाही. घरगुती समारंभांत लोक मोठ्या भांड्यात करतातच. बिघडलीय ती गर्दीच्या जागांवर. बार्सिलोनाच्या ला रांब्ला या पर्यटकांनी गजबजलेल्या रस्त्यावर माशांच्या टाकीएवढे पेले आणि त्यात स्ट्रॉ दिसले की मी रस्ता ओलांडते.

लिस्बनसाठी: पोर्तुगालमध्येही सांग्रिया मनापासून पितात. 'तिंता' म्हणजे रेड, 'ब्रांका' म्हणजे व्हाइट. फसफसणाऱ्या 'इश्पुमांते' वाइनचीही मिळते आणि मला तीच सर्वांत आवडते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार नुसतं 'सांग्रिया' हे नाव लावून विकायचं तर ती स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच बनलेली हवी आणि अल्कोहोल ४.५ टक्क्यांहून कमी नको, १२ टक्क्यांच्या आत हवं. पण नियम पाळलेली म्हणजे चवदार, असं नाही. कार्टनमधली तयार सांग्रियाही नियमात बसते.

मी आधी शेजारच्या टेबलावरचा जग बघते. फळांच्या कडा टवटवीत हव्यात. सकाळपासून मुरून फिकट जांभळा पडलेला संत्र्याचा तुकडा ओळखू येतो. वेटरला विचारायचं, इथेच करता का? समोर बारमागे फळं कापताना दिसली तर बसायचं. आणि जगाच्या चोचीकडे लक्ष द्या. चांगल्या जगाची चोच मुद्दाम चिमटीत धरून दाबल्यासारखी असते, म्हणजे ओतताना बर्फ आणि फळं आतच राहतात. लाकडी लांब चमचा सोबत येतो तो फळं काढायला.

स्पेनला परत गेलात तर वालेन्सियात 'आग्वा दे वालेन्सिया' प्या: कावा (स्पेनची फसफसणारी वाइन), संत्र्याचा रस, जिन, व्होडका. १९५९ मध्ये तिथल्याच एका कॅफेत जन्मलेलं. दिसतं संत्र्याच्या सरबतासारखं आणि पुढच्याच क्षणी जमीन हलते.

आगाऊ कार्टं

सांग्रिया पण सरबतच ना? फळं आहेत, सोडा आहे.

चौकस

हिशेब करू. १३ टक्क्यांची ७५० मिली वाइन म्हणजे ९७.५ मिली अल्कोहोल. ४० टक्क्यांची ६० मिली ब्रँडी म्हणजे आणखी २४. एकूण १२१.५. त्यात २०० मिली रस आणि ३०० मिली सोडा धरला तर जग १३१० मिलीचा झाला, म्हणजे सव्वानऊ टक्के. साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट. बर्फ वितळून थोडं कमी होईल, पण सरबत नक्कीच नाही. तिंतो दे वेरानो मात्र साडेसहाच्या आसपास येतं, बर्फाने आणखी उतरतं. दुपारच्या उन्हात लोक तेच का पितात ते यावरून कळेल.

निवांत

आणि तळाची फळं! माझ्या जाऊबाईंनी एकदा 'मी पीत नाही, मी नुसती फळं खाते' म्हणत अख्खी वाटी संपवली. मग दीड तास सोफ्यावर बसून सगळ्यांना तेच ते सांगत होत्या. गाडी चालवणाऱ्याला फळंसुद्धा देऊ नका. त्याच्यासाठी थंड कोरा चहा, द्राक्षाचा रस आणि सोडा. चहाच्या तुरटपणामुळे वाइनचा भास होतो.

भटकभवानी (आठवड्याने)

अपडेट. होवेन तेम्प्रानियो आणली. अर्ध्या बाटलीचं तिंतो दे वेरानो केलं. अर्ध्या मिनिटात झालं आणि पहिल्याच घोटाला नवरा म्हणाला, 'त्रिआना!' एवढ्याशा कामासाठी मी चार महिने रात्र-रात्र फळं भिजवत होते.

उरलेल्या अर्ध्या बाटलीची चौकस यांच्या पद्धतीने सांग्रिया केली. साल चेचताना स्वयंपाकघरभर वास सुटला होता. पीच दोन तास, लिंबू-संत्रं शेवटच्या तासाला. कडू नाही, तुरट नाही. खरं सांगू? ही वेगळीच गोष्ट आहे, जड, फळांची, संध्याकाळची. आता दोन्ही करणार. सगळ्यांचे मनापासून आभार, उंटावरच्या शहाण्यांचेही.

दोन पेल्यांएवढी सांग्रिया उरलीय, ती झाकून फ्रिजमध्ये ठेवली आहे. उद्या चालेल ना?

चौकस

उद्या चालेल, फक्त सोडा ताजा घाला. चकत्या काढून ठेवलीत ना?

भटकभवानी

अरे देवा. आलेच.