साध्या मागावरून शटललेसवर जाताना अडतं कुठे?

खर्चीवाला:
इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला. आज त्याच गावात धोट्याचे (शटलचे) साधे माग आणि हवेच्या झोताने आडवा धागा नेणारे शटललेस एअरजेट एकाच गल्लीत चालतात. परवा एका बैठकीत पाहुणे म्हणाले, "यंत्रमागधारकांची मानसिकता बदलायला हवी." ते मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

माझे आठ साधे माग, खर्चीवर. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, मला फक्त पिकावर, म्हणजे टाकलेल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक टाकतो, एअरजेट सहाशेच्या वर. हे गणित मला समजतं. पण एअरजेट नुसता घेऊन भागत नाही. कॉम्प्रेसर लागतो, हवेतला ओलावा राखावा लागतो, शेड नवी लागते. बीमाचं सायझिंग (उभ्या धाग्यांना खळ लावणं) आणि सूत दोन्ही चांगलं लागतं आणि सूत कुठलं द्यायचं ते व्यापारी ठरवतो. हलकं सूत आलं की माग घडीघडी थांबणार, बँकेचा हप्ता मात्र तारखेला हजर. शिवाय 27 अश्वशक्तीच्या वर गेलो की वीज सवलतीचा गटच बदलतो.

अनुदानाचं म्हणाल तर नव्या यंत्रांसाठीची केंद्राची टफ योजना 1999 ला आली, तिचं सुधारित रूप 31 मार्च 2022 ला संपलं. त्यातही आधी मशीन बसवा, मग तपासणी, मग पैसे. तोवरची रक्कम आठ मागवाल्याने आणायची कुठून?

रेपिअरवाला:
दादा, तुमची अडचण खरी आहे, पण अर्धीच सांगितलीत. मीही खर्चीवालाच होतो. बँकेने तीन वर्षांचा ताळेबंद मागितला तेव्हा दाखवायला काही नव्हतं, कारण सगळा व्यवहार रोखीतला. कर्ज नाकारलं तो राग मी बँकेवर काढला. खरं तर चूक माझी होती. पुढची तीन वर्षं प्रत्येक मजुरी बिलावर आणि खात्यात घेतली. दोन व्यापारी सोडून गेले. मग चुलतभावाबरोबर एकाच शेडमध्ये चार जुने रेपिअर (दांडीने आडवा धागा नेणारे शटललेस माग) बसवले. एअरजेटचा हट्ट धरला नाही. रेपिअरला कॉम्प्रेसरचा खर्च नाही आणि सुताच्या बाबतीतही तो जरा सोशिक आहे. एकट्याने आठ माग धरून बसायचं आणि अडलं की सरकारकडे बघायचं, ही सवय आपल्यात आहे. तिला मानसिकता म्हटलं तर राग का यावा?

खर्चीवाला:
दोन व्यापारी गेले तेव्हा तुमच्याकडे चुलतभाऊ होता. माझा एक व्यापारी गेला तर आठापैकी सहा माग बंद. बिलाचं म्हणाल तर लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांत पैसे द्यायची तरतूद आहेच. वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात वजा धरता येत नाही, हा नियमही आता लागू झालाय. पण बिल पुढे केलं की "दुसरीकडून विणून घेतो" हे उत्तर मिळतं. चार महिन्यांनी मजुरी हातात येणाऱ्याने हप्ता कसा भरायचा?

फिटर:
तुम्ही दोघंही पैशावरच बोलताय. मी वीस वर्षं साध्या मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. पिकिंग (धोटा फेकायची यंत्रणा) बिघडलं की आवाजावरून कळायचं. रेपिअरवर गेलो तेव्हा स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि बिघाडाचा आकडा, एवढंच समोर. एकदा मागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं. बाहेरून माणूस येईपर्यंत नऊ दिवस माग उभा होता. मालक माझ्यावर ओरडला, पण मला ते काम कुणी शिकवलंच नव्हतं. गावात डीकेटीईसारखं वस्त्रोद्योगाचं कॉलेज आहे, तिथून इंजिनिअर होतात. पाळी सुटल्यावर जॉबर आणि वहिफणीवाल्यांना (वही-फणीतून उभे धागे ओवणाऱ्यांना) मराठीतून शिकवणारा वर्ग मात्र मला मिळाला नाही. मशीनच्या किमतीत माणसाच्या शिक्षणाचे पैसे कुणीच धरत नाही.

रेपिअरवाला:
फिटरभाऊंचं पूर्ण मान्य. माझेही पहिले सहा महिने त्यातच गेले. पण खर्चीवाले दादा, थकबाकीवर एकट्याने बोलून काही होत नाही. तुमच्या गल्लीत त्याच व्यापाऱ्याचे आणखी किती जण आहेत?

खर्चीवाला:
अकरा. मिळून साधारण नव्वद माग. सुट्टीच्या दिवशी सगळे मोकळे असतात. तुम्ही तुमची बिलबुकं घेऊन याल का?