दोन हेडफोनांचा वॉकमन

मोबाइलने माणसाला स्वतःपुरते केले, असे अनेकदा म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते, कारण यंत्राने सोबतीसाठी ठेवलेली जागा आपणच रिकामी ठेवल्याचे एक उदाहरण मला फार अस्वस्थ करते. सोनीने १९७९ साली जपानमध्ये आणलेल्या पहिल्या वॉकमनला, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या छोट्या कॅसेट प्लेअरला, दोन हेडफोन जोडता येत असत आणि दोघांना ऐकता ऐकता बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते, जे दाबताच संगीताचा आवाज कमी होऊन मायक्रोफोन सुरू होई. एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य ठरेल, अशी कंपनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांची धारणा होती (त्या काळी ती रास्तच होती). लोकांनी मात्र तो एकट्यानेच वापरला आणि पुढील मॉडेलांतून ते बटण काढून टाकण्यात आले.