रिबन मायक्रोफोनची फॉइल

रिबन मायक्रोफोनमध्ये चुंबकांच्या फटीत अॅल्युमिनियमची पातळ पट्टी टांगलेली असते, तीच रिबन; ती आवाजाने हलली की सिग्नल तयार होतो. असा माइक घरी बनवताना रिबनला स्वयंपाकघरातली फॉइल चालेल का, असं एकाने विचारलंय. भावा, सरावाला चालेल. पण ती साधारण 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून जाड असते. चांगली रिबन 2 मायक्रॉनच्या आसपास. जड पट्टीत वरचे सूर दबतात. नागमोडी घड्या पाडायला दोन सारखे गिअर उद्यमनगरात शोध. फॉइल दोन कागदांत धरूनच गिअरांमधून फिरव, नुसती घातलीस तर हमखास फाटते. जोडणी मात्र घरीच कर; वर्कशॉपातला लोहकीस निओडिमियम चुंबकाला चिकटून नेमका फटीत जाऊन बसतो, काढता काढता जीव जातो. आणि ट्रान्सफॉर्मरवर काटकसर नको. रिबनचा रोध एका ओहमपेक्षाही कमी असतो, सिग्नलही अगदी क्षीण, म्हणून 1:35च्या आसपासचा, म्हणजे व्होल्टेज साधारण 35 पट वाढवणारा स्टेप-अप लागतोच. तपासायला फुंकर मारू नकोस, पट्टी ताणली जाते.