सरकारी पैसा विमा योजनांना द्यावा की सरकारी दवाखान्यांना?

पर्वतीकर
देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो, त्यातला २०१३-१४ साली ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, सरकारचा वाटा २८.६ वरून ४८ टक्के झाला. मला याचा आनंद आहे. पण २०१७च्या आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्च करू म्हटलं होतं, आणि २०२१-२२ मध्ये आपण होतो १.८४ वर. एवढ्याशा रकमेतून महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारतच्या नावाने खाजगी रुग्णालयांची बिलं भरायची, आणि सरकारी दवाखान्यात आलेल्या गरिबाला बाहेरून औषध आणायची चिठ्ठी द्यायची, हे मला पटत नाही. पैसा आधी आपल्या दवाखान्यांत घाला.

कोथरूडची डॉक्टर
पूर्ण असहमत. इमारत उभी राहील हो, पण भूलतज्ज्ञ आणि नर्स कुठून आणणार? ससून या पुण्याच्या सरकारी रुग्णालयात शहराबरोबर आसपासच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. आज ज्याला हार्ट अटॅक आलाय त्याला पाच वर्षांनी होणाऱ्या रुग्णालयाचा काय उपयोग? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा मर्यादा दीड लाख होती, आज तीच योजना फुल्यांच्या नावाने ५ लाखांपर्यंत आहे. डायलिसिस, केमो, अँजिओप्लास्टी यांसाठी शेत विकावं लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहते. दुखणं वेगळंच आहे. योजनेत प्रत्येक उपचाराला ठरवून दिलेले पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, म्हणून लहान रुग्णालयं योजनेत येत नाहीत.

भोसरी एमआयडीसी
दोघंही ईएसआय, म्हणजे कामगारांची राज्य विमा योजना, विसरलात. आमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात ओपीडी आहे, औषधं आहेत, आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगारही मिळतो. असं दुसऱ्या कुठल्या योजनेत आहे? पण पगाराची मर्यादा २१,०००. पगार वाढला की सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते, आणि काही महिन्यांनी कार्ड बंद. मग कंपनीच्या मेडिक्लेमच्या भरवशावर. तो नोकरी आहे तोवरच.

शिवाजीनगर कोर्ट
‘खाजगी’ म्हणताना एक फरक करा. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ एए कलमानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं त्यांना बंधनकारक आहे. शिवाय एकूण बिलाचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. त्यांना मिळणारी करसवलत म्हणजे जनतेचाच पैसा. नवी योजना आणण्याआधी हे हक्क वसूल करा. रात्री दोन वाजता कॅशियरपुढे उभ्या असलेल्या माणसाला या खाटा आहेत हेच माहीत नसतं.

पर्वतीकर
डॉक्टर, अँजिओप्लास्टीचं मान्य. पण तुमच्या सगळ्या उदाहरणांत माणूस दाखल झालेला आहे. लोकांच्या खिशातून सर्वांत जास्त जातं ते ओपीडीत आणि औषधांत. मधुमेह, बीपीच्या रोजच्या गोळ्या कोणत्या पॅकेजमध्ये बसतात? माझ्या गल्लीतल्या धुणंभांडी करणाऱ्या मावशी महिनाअखेरीला गोळ्या अर्ध्या करून घेतात. त्या पुढे डायलिसिसला आल्या की सरकार लाखो रुपये भरणार. थायलंडने २००२ मध्ये करांच्या पैशातून ओपीडीसकट सगळ्यांना संरक्षण दिलं. त्याआधी त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधून ठेवली होती, म्हणून ते जमलं.

कोथरूडची डॉक्टर
थायलंडचं पूर्ण सांगा ना. बँकॉकमध्ये खाजगी क्लिनिकही करारावर घेतली, माणशी ठरावीक रक्कम देऊन. पुण्यात प्रत्येक चौकात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बसलेत. मनपाने त्यांच्याशी तसाच करार करावा, बीपी-शुगरच्या गोळ्या मनपानेच पुरवाव्यात. नवा दवाखाना बांधायची वाट पाहायला नको, मावशींना पुढच्या महिन्यापासून पूर्ण गोळ्या मिळतील. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं लेखी मिळालं, तर माझं क्लिनिक मी पहिल्या दिवशी नोंदवते.