पाणी सावकाश फिरलं की जास्त तापतं? सोलरवाल्या पूलचा पंप किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) ठेवायचा

फॉल्समकर
पोहण्याच्या पूलचं पाणी पंपाने सोलर पॅनेलांतून फिरवून उन्हाने तापवतात, त्याबद्दल हे आहे. काल 'निळाशार' यांनी लिहिलं: "व्हेरिएबल स्पीड (वेग बदलता येणारा) पंप आहे ना, मग चोवीस तास १२०० वर सोडून द्या. पाणी पॅनेलमधून सावकाश जातं, जास्त तापतं, बिलही कमी येतं." खाली अकरा जणांनी आभार मानलेत, म्हणून सविस्तर लिहितोय. बिलाचं बरोबर आहे. तापण्याचं साफ चूक.

रिटर्नचं, म्हणजे पॅनेलांतून पूलमध्ये परत येणारं पाणी हाताला जास्त गरम लागतं हे मान्य. पण पूलमध्ये उष्णता किती आली ते ठरतं किती पाणी किती अंशांनी तापलं यावर. माझ्या छतावर ४ बाय १२ फुटांची १० पॅनेलं आहेत. एका पॅनेलला मिनिटाला ४ गॅलन, म्हणजे एकूण ४०. जूनच्या दुपारी एवढ्या प्रवाहाला ५ अंश फॅरनहाइट चढतात. ४० गुणिले ५, २००. प्रवाह २० वर आणला तर १० अंश चढायला हवेत, चढतात ८. म्हणजे १६०. उरलेली उष्णता वाऱ्याने नेली. या पॅनेलांवर काच नसते, काळं प्लास्टिक उघड्यावर असतं. जितकं तापेल तितकं ते हवेला देऊन टाकतं. भर उन्हात पॅनेलला हात लावून बघा. गार लागलं तर काम नीट चाललंय.

निळाशार
कागदावर सगळं छान दिसतं. मी सात वर्षं स्वतःचा पूल सांभाळतोय, एकदाही पूलवाला बोलावलेला नाही. वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्श्यावर येते, हे तरी मान्य आहे ना? माझ्या पंपाचा डिस्प्ले ३४५० ला १९०० वॉट दाखवतो आणि १२०० ला ११०. तुमच्या त्या ४० गॅलनसाठी मी वीज कंपनीची धन का करू? संध्याकाळी ४ ते ९ चा दर कॅलिफोर्नियात काय झालाय माहीत आहे ना? माझं पाणी मेमध्ये ८४ असतं. अजून काय पाहिजे?

पाटकरी
निळाशार, तुमची पॅनेलं किती उंचीवर आहेत ते आधी सांगा. आमच्याकडे सांगलीला विहिरीवर मोटर होती. पाणी किती हात वर चढवायचं ते विचारल्याशिवाय आजोबा मोटरीबद्दल बोलायचेच नाहीत.

वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो, पण दाब वर्गाच्या प्रमाणात पडतो. ३४५० ला ९० फूट चढवणारा पंप १२०० ला जेमतेम ११ फूट चढवेल. माझं घर दुमजली, पॅनेलं पाण्यापासून २२ फूट वर. १२०० ला माझ्या पॅनेलांत थेंबही पोचत नाही. कंट्रोलर म्हणतो सोलर चालू, आणि पॅनेलं कोरडी!

म्हणून सुरुवातीची ५ मिनिटं ३००० वर चालवून पाइप भरून घ्यायचे. एकदा भरले की उतरणारं पाणी चढणाऱ्याला ओढतं, मग वेग उतरवता येतो. पण फार उतरवला तर वरचा व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) उघडतो, पंप हवा धरल्यासारखा होतो आणि रिटर्नमधून बुडबुडे येतात. मी ५०-५० आरपीएमने खाली आलो. २३५० ला बुडबुडे सुरू झाले, म्हणून २४५० वर ठेवलाय. ७८० वॉट.

फॉल्समकर
पाटकरी, लाख बोललात. आणि कृपा करून बुडबुडे थांबवायला तो व्हॉल्व्ह कोणी बंद करू नका. माझ्या कंत्राटदाराने त्यावर टोपी घट्ट बसवून दिली होती, "आता आवाज येणार नाही" म्हणाला. पंप थांबल्यावर पॅनेलांतलं पाणी उतरायला वरून हवा लागते. हवा मिळाली नाही, पाणी वरच राहिलं आणि जानेवारीच्या एका गोठत्या रात्रीनंतर दोन पॅनेलं फुटली. फोन केला तर म्हणे वॉरंटीत बसत नाही. अजून डोकं तापतं.

अनघा_फिनिक्स
सगळे छतावर चढलात, तळाकडे कोण बघणार? १२०० ला माझा सक्शन क्लीनर (पंपाच्या ओढीवर तळ साफ करणारा) जागचा हलत नाही. मेस्कीटच्या झाडाची पानं आणि वादळानंतरची धूळ तळाशी बसून राहते. सोलरचा व्हॉल्व्ह उघडला तर २४०० लाही अडतो, कारण तेवढा जोर छतावर खर्च होतो. मी सकाळी ६ ते ८ क्लीनरसाठी २६०० ठेवते, सोलर नंतर. आणि जुलैत पाणी ९४ होतं तेव्हा तीच पॅनेलं रात्री चालवून पाणी गार करते.

देवगडवाला
ताई, तळ साफ करणारा रोबोट घ्या. त्याची मोटर त्याच्यात असते, पंपाशी संबंध नाही. स्वच्छतेसाठी पंप वाढवायची कटकटच संपते.

अनघा_फिनिक्स
घेतला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर गेली. दुरुस्तीला निम्मी किंमत सांगितली. सक्शन क्लीनरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) मी दहा मिनिटांत घरी बदलते.

देवगडवाला
दिवसभर उन्हात पाण्यात ठेवला असणार. काम झालं की बाहेर काढून सावलीत ठेवायचा असतो. माझा सहा वर्षं चालतोय.

अनघा_फिनिक्स
न विचारता गृहीत धरू नका. रोज बाहेर काढत होते. ओला रोबोट, भरलेली जाळी, पीळ पडलेली वायर, आणि माझी पाठ. तुमच्या घरी तो कोण उचलतं?

देवगडवाला
मीच उचलतो. पाठीचं माहीत नव्हतं, बोलायला नको होतं. पण दोन तास २६०० ला पंप, वर्षाचे ३६५ दिवस, याचा हिशोब एकदा कराच. माझा रोबोट दोन तासांत अर्ध्या युनिटाच्या आत काम उरकतो.

अनघा_फिनिक्स
केलाय. तिसऱ्या वर्षी नवा रोबोट घ्यायचा म्हटला तर वाचलेली वीज त्यातच जाते. आणि त्या दोन तासांत माझं पाणी गाळूनही निघतं, ते तुम्ही मोजत नाही.

पाटकरी
रोबोटचा वेगळा धागा काढा हो. निळाशार, उंची सांगितली नाहीत.

निळाशार
सांगतो. पॅनेलं छतावर नाहीत. मागच्या उतारावर रॅकवर आहेत, पाण्यापासून ६ फूट वर.

फॉल्समकर
अहो, मग हे काल का नाही लिहिलंत? आभार मानणाऱ्या अकरा जणांत दुमजली घरवाले किती असतील!

निळाशार
विचारलं कोणी? आणि आवाज चढवू नका. माझ्या पूलबद्दल मी लिहिलं ते खरंच होतं.

शनिवारी सगळ्यांच्या समाधानासाठी रिटर्नमध्ये थर्मामीटर धरून बसलो. १२०० ला ११ अंश चढत होते, १८०० ला ६. प्रवाह दीडपट धरला तर प्रवाह आणि अंशांचा गुणाकार १२०० चाच जास्त येतो, म्हणून फॉल्समकरांना खोडून काढायलाच बसलो होतो. मग फ्लोमीटर बघितला. १२०० ला १३ गॅलन, १८०० ला ३१. सहा फूट चढवण्यातच १२०० चा बराचसा जीव जातो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. १३ गुणिले ११, १४३. ३१ गुणिले ६, १८६. सकाळी १० ते दुपारी ४, १८०० ठेवलाय, ३२० वॉट. बाकी वेळ १२०० च राहणार, त्यावर मला काही ऐकायचं नाही.

माझ्या त्या पहिल्या पोस्टमध्ये रॅकचं वाक्य घातलंय.