तारे संपले, कंपास वाजतोच आहे. पाचवीच्या वर्गाचं काय करू?

जांबोटीकडची बाई

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला सरकारी मराठी शाळेत शिकवते. पाचवीत २६ मुलं. डी.एड.ला साधक अभिसंधान (वागण्याच्या परिणामांवरून वागणं पक्कं होतं किंवा सुटतं), धन प्रबलन (हवीशी गोष्ट देऊन वागणं पक्कं करणं), ऋण प्रबलन सगळं घोकून मार्क घेतले होते, म्हटलं यंदा वापरून तरी बघू. जूनमध्ये भिंतीवर तक्ता लावला. गृहपाठ आणला की एक तारा, दहा तारे झाले की पेन्सिल. सोनेरी तारे बेळगावच्या गणपत गल्लीतून आणले, माझ्याच पैशाने.

ऑगस्टपर्यंत वर्ग सोन्यासारखा. दसऱ्याची सुट्टी संपून आले तर काहीही लिहायला सांगितलं की आधी प्रश्न, "बाई, याला तारा हाय काय?" नाही म्हटलं की पेन खाली. गेल्या आठवड्यात तर एकाने आपल्या ओळीतला तारा नखाने सोलून दोन आवळ्यांना विकला. घेणाऱ्याने तो थुंकी लावून स्वतःच्या नावापुढे चिकटवला, तोही उलटा.

दुसरं दुखणं मागच्या बाकावर आहे. गणिताचा तास सुरू झाला की एक मुलगा कंपासचं झाकण बाकावर आपटतो. टक, टक, थांबतो, टक. आधी ओरडले. मग आठवलं, लक्ष देणं हेच बक्षीस होतं, म्हणून दुर्लक्ष केलं. तर दुप्पट आपटायला लागला. तीन दिवस दात खाऊन सहन केलं, चौथ्या दिवशी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. त्यांच्या टेबलावर छडी असते आणि वर्ग चिडीचूप. मुलाचे वडील म्हणतात, "फोडून काढा बाई, मी इचारायला येणार नाही." मला मारायचं नाही. पण हे सगळं पुस्तकातल्या प्रयोगांतल्या कबुतरांपुरतंच खरं आहे का?

टिळकवाडीचा जुना विद्यार्थी

आम्हाला निरगुडीचा फोक होता. आम्ही काय बिघडलो?

निवृत्त मास्तर, निपाणी

टिळकवाडीकर, फोक तुमच्या गुरुजींनी एकदाच उचलला होता की रोज? रोज लागत असेल तर त्याने काय शिकवलं म्हणायचं? बाई, शेजारच्या बाई रजेवर गेल्या की त्यांच्या वर्गात जरा डोकावा. छडी जिथवर दिसते तिथवरच चिडीचूप. बरं, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, त्यामुळे वडिलांनी परवानगी दिली काय, न दिली काय.

माझी ३१ वर्षं याच धंद्यात गेली, पहिली दहा मारण्यात. मारल्यावर कोण शिकतं सांगू? मास्तर. गोंगाट खुपतो, छडी मारली, गोंगाट थांबला, जिवाला बरं वाटलं. पुढच्या वेळी हात आपोआप छडीकडे. नकोशी गोष्ट टळते म्हणून वागणं पक्कं होतं, ते ऋण प्रबलन. परीक्षेत निम्मी पोरं त्याला शिक्षा म्हणून लिहितात.

आता कंपास. गावातल्या हापशाला पाणी यायचं बंद झालं की आपण लगेच घरी जातो काय? आधी चार दणके जोरात मारतो. दुर्लक्ष केल्यावर पोरगं तेच करतं. वाढलं म्हणजे उपाय फसला असं नाही, उपाय लागू पडायला लागला होता. नेमक्या त्याच वेळी, चौथ्या दिवशी, तुम्ही पाणी सोडलंत. आता त्याला ठाऊक झालं, तीन दिवस नेटाने हापसलं की बाई वळतात. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगात चकतीवर टोचून दाणा मिळवणाऱ्या कबुतरांचंही हेच होतं. दर वेळी दाणा मिळणारं, दाणा बंद झाल्यावर लवकर टोचायचं सोडतं. कधीतरीच मिळणारं टोचत बसतं.

शिवाय दाणा एकट्या तुमच्याकडे आहे कुठे? त्याने आपटलं की हसतं कोण, ते बघा. तुम्ही दुर्लक्ष करायचं आणि २५ जणांनी खिदळायचं, याला दुर्लक्ष म्हणत नाहीत.

मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८मध्ये अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत हेच तपासलं होतं. नुसते नियम सांगून जवळजवळ काही हललं नाही. चुकीकडे काणाडोळा आणि बरोबर वागण्याला त्याच वेळी कौतुक, ही जोडी जमली तेव्हा वर्ग ताळ्यावर आला. तुम्ही अर्धंच औषध घेतलंत. तो न आपटता बसलेला असतो तेव्हा त्याच्या बाकाजवळून जाता काय? वहीवर बोट ठेवून "हे बरोबर आलं" म्हणता काय? तीन दिवस फक्त मोजा. तासात किती वेळा आपटतो, नंतरच्या मिनिटात त्याला काय मिळतं, आणि गप्प असताना काय मिळतं. तिसरा रकाना कोरा निघेल, पैज लावतो.

ताऱ्यांचं दुखणं निराळं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग बालवाडीतल्या चित्र काढायची हौस असलेल्या पोरांवर होता. प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगून ज्यांना चित्र काढायला लावलं, ती पोरं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक दिलं, त्यांची हौस तशीच राहिली. तुमचा तक्ता म्हणजे रोजचा भाव लिहिलेला फळा. भाव लागला की बाजार भरणारच, आवळे आलेच. काढून टाका. द्यायचंच तर न सांगता, क्वचित, आणि कशाबद्दल ते स्पष्ट बोलून.

एक शेवटचं. पोराला आपटायला आवडतं ना? शाळेची घंटा कोण देतं?

बी.एड. दुसरं वर्ष

सर, ते प्रीमॅकचं तत्त्व ना? जे मूल आपणहून जास्त करतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस करायचं. आमच्या आजीला न शिकता येत होतं, आधी पाढे, मग आंब्याची फोड. बाई, १९६९चा चौथीच्या वर्गातला खेळही बघा. वर्गाचे दोन गट, गोंधळ झाला की गटाच्या नावाने फळ्यावर खूण, खुणा ठरल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकतात.

निवृत्त मास्तर, निपाणी

खेळ चांगला आहे, मी सातवीत केलाय. पण एकाने मुद्दाम खुणा वाढवून गट हरवला आणि सुटल्यावर गटाने त्याला धुतला. छडी माझ्या हातातून त्यांच्या हातात गेली एवढंच. अशा पोराचा गट वेगळा करावा लागतो.

चिकोडीचा पालक

घंटा दिली तर उद्या २६ कंपास वाजतील की वो! माझा पोरगा तरी नक्की वाजवेल.

निवृत्त मास्तर, निपाणी

आपटण्याबद्दल घंटा द्यायचीच नाही. पाच गणितं सोडवल्याबद्दल द्यायची, आणि ज्याची पाच होतील त्या प्रत्येकाची पाळी. आपटला त्या तासाला तर मुळीच नाही.

जांबोटीकडची बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये परीक्षा होत्या.

आधी तीन दिवस मोजलं. एका तासात १४, ११, १९. तिसरा रकाना कोराच होता, मास्तर. लाज वाटली. हसणाऱ्या तिघी समोरच्याच बाकावरच्या निघाल्या, माझ्या लाडक्या.

तक्ता शुक्रवारी सुटल्यावर काढला. सोमवारपासून दोन दिवस रुसवे, एकीने आईला शाळेत आणलं. मग विसरले. "तारा हाय काय" अजून ऐकू येतं, पण एकदोघांकडूनच.

घंटा म्हणजे आमच्याकडे पिंपळाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहिल्या दिवशी पोराची पाच गणितं झाली, तीन बरोबर, दोन पाहून लिहिलेली. पाहून लिहिलेली चालणार नाहीत हे सांगायचं राहिलं होतं. दिली. त्याने जेवणाची घंटा दहा मिनिटं आधी दिली आणि एवढा वेळ दिली की पहिलीपासून सातवीपर्यंत सगळी शाळा ताटं घेऊन पडवीत, आत भात अजून शिजत होता. हेडमास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी कौतुक आणि काणाडोळा यांतलं काय करायचं ते न सुचून रुळाकडे बघत राहिले.

आता घड्याळ बघून द्यायचं, हाही नियम आहे. त्यामुळे त्याला घड्याळ येऊ लागलं, जे मला चौथीपासून शिकवता आलं नव्हतं. काल कंपास ४ वेळा. परवा ९. मध्ये एक दिवस २, पण त्या दिवशी तो निम्मा तास झोपला होता, तो धरत नाही.