ऑपरेशननंतर पायात गुठळी : तुमचे अनुभव सांगा

आईचा गुडघा बदलला, ऑपरेशन मस्त झालं, आणि बाराव्या दिवशी एकच पोटरी सुजून गरम लागायला लागली. आम्हाला वाटलं ऑपरेशनचीच सूज, मावशी तर तेल घेऊन चोळायलाच बसली होती. नशीब, नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या हात लावू नका, आधी डॉप्लर करा, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी. गुठळी निघाली. मग तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. तुमच्याकडे काय झालं, काय चुकलं, लिहा मोकळेपणाने.

—

माझा खुबा बदललाय. गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटात ४० एमजीचं इंजेक्शन, घरी आल्यावरसुद्धा, एकूण ३५ दिवस. पहिल्या दिवशी सुई धरून नुसती बसून राहिले, नवरा म्हणाला दे इकडे, तर त्याचेच हात थरथरायला लागले :) शेवटी मीच टोचलं. टोचल्यावर चोळू नका, काळंनिळं होतं. आणि भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, मी चार दिवस काढत होते आणि त्याच्याबरोबर औषधही जात होतं!

—

पायाला ते फुगणारे पट्टे बांधतात ना, झोप येईना म्हणून मी रात्री काढून टाकले. सकाळी डॉक्टरांनी झापलं. चालताना पोटरी रक्त वर ढकलते, पडून राहिलं की ते तिथेच साचतं, म्हणून वर ढकलायचं काम हे पट्टे करतात. तेव्हापासून जागा असेन तेव्हा पावलं वरखाली करत राहायचो.

—

माझा पाय अजिबात सुजला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहितोय. पोटाचं ऑपरेशन, घरी येऊन तीन आठवडे झालेले, जिना चढताना दम लागायला लागला आणि खोल श्वास घेतला की बरगडीत कळ. अशक्तपणा असेल म्हणून दोन दिवस घालवले, मूर्खपणा. गुठळी फुप्फुसात गेली होती. असा दम, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

—

मला विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत का, मी नाही म्हटलं. गर्भनिरोधक गोळीला मी औषध धरतच नव्हते. इस्ट्रोजेनवाली होती, त्याने रक्त गोठायची शक्यता वाढते. ती चार आठवडे आधी बंद करायला लावून तारीख पुढे ढकलली.

—

जिन्याचं वाचून आत्ता आईला विचारलं. तिलाही तेव्हा दम लागत होता म्हणे. तू उगाच घाबरशील म्हणून बोलले नाही, म्हणाली.